एसी बंद पडत नव्हता, पुन्हा लागत नव्हता

एप्रिल-मे २०२४ मध्ये, सात आठवड्यांत, माझ्या गाडीत तीनदा एसीचा गॅस भरला गेला. तिन्ही वेळा दुकानातून निघताना गाडी गारेगार होती. तिन्ही वेळा एक-दोन दिवसांत मी पुन्हा काचा खाली करून, तोंडाला स्कार्फ बांधून अकोट रोडची धूळ खात निघाले. पुढे कळलं ते असं, की पहिल्या वेळी गॅस कमी असलाच तर चिमूटभर कमी होता, आणि नंतरच्या दोन्ही वेळा तो गरजेपेक्षा जास्तच होता. त्यात अजून भरला.

मी अकोल्याची. इथल्याच कृषी विद्यापीठातून बीएस्सी केलं आणि गेली अकरा वर्षं एका बियाणे कंपनीत फिल्डवर आहे. खरिपाचं बियाणं मेमध्ये दुकानांत पोचतं, त्यामुळे ज्या महिन्यात वऱ्हाडातला शहाणा माणूस दुपारी उंबरठा ओलांडत नाही, तोच आमचा सीझन. तेल्हारा, हिवरखेड, बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर. दिवसाला सहा-सात कृषी केंद्रं, प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं, आणि गाडी तेवढा वेळ उन्हात. त्या वर्षी मेच्या अखेरीस पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं. जमावबंदी दंगलीसाठी पाहिली होती, उन्हासाठी पहिल्यांदाच पाहिली.

गाडी २०१४ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, ९४ हजार किलोमीटर चाललेली. एसीने दहा वर्षं कधी तक्रार केली नव्हती. एप्रिलच्या सुरुवातीला तेल्हाऱ्याहून परतताना जाळीतून अचानक गरम हवा यायला लागली. ब्लोअर जोरात, बटणावरचा दिवा लागलेला, आणि हवा मात्र चुलीवरची.

पहिलं दुकान घराजवळचं. बॅटरी, वायरिंग, टेप, रिव्हर्स कॅमेरा आणि एसी, सगळं एकाच शटरमध्ये. मुलाने बॉनेट उघडलं, जाड पाइपला हात लावला आणि म्हणाला, "गॅस उतरलाय ताई." निळी नळी जोडली, कॅन उलटा धरला, एका काट्याकडे बघत भरला. लाल नळी तशीच गुंडाळलेली होती, ती का लावली नाही हे विचारण्याइतकं ज्ञान तेव्हा मला नव्हतं. किती भरला? "फुल." १,२०० रुपये. दुकानातून निघाले तेव्हा हात गारठले. दोन दिवसांनी बाळापुरात पुन्हा तेच.

दुसरं दुकान जरा मोठं होतं. तिथे रिले बदलून पाहिला, फ्यूज पाहिला, आणि शेवटी "बारीक लीकेज असणार, गॅस टॉपअप करून देतो, सीझन निघून जाईल" म्हणून पुन्हा गॅस. सीझन काय, आठवडाही निघाला नाही. तिसऱ्यांदा मूर्तिजापूरला भर दुपारी इतका त्रास झाला की रस्त्याकडेच्या पहिल्या पाटीवर गाडी लावली आणि "टाका बाबा काय टाकायचं ते" म्हणून मोकळी झाले. त्याच्याबद्दल काय बोलू, मीच सांगितलं होतं.

मग मोठं वर्कशॉप. तिथल्या अॅडव्हायझरने आधी "साहेब नाही आले का?" हे विचारून घेतलं. गाडी दोन दिवस ठेवून घेतली. दोन दिवस एसी व्यवस्थित चालला, कारण त्यांच्या शेडमध्ये गाडी उभी आणि गार होती. स्कॅनरवर एकही एरर नाही. पण दाब मोजायचे गेज लावल्यावर लाल काटा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा (निळा कमी दाबाच्या), फार वर गेला, त्यावरून निदान झालं: कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर, ड्रायर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि मजुरी धरून कोटेशन ३६,४०० रुपये. आणि जाता जाता, "कूलिंग कॉइल पण असू शकते मॅडम, डॅशबोर्ड खोलल्यावरच कळेल."

कोटेशनचा कागद बाजूच्या सीटवर ठेवून घरी येत होते तेव्हा मला एका शेतकऱ्याची आठवण झाली. नाव नको. कपाशीची पानं पिवळी पडली की ते युरिया टाकतात. फरक पडला नाही की अजून टाकतात. मी त्यांना दर वर्षी तेच प्रश्न विचारते. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांत आहे की वरच्या कोवळ्या? खालच्या पानांत असेल तर नत्राची कमतरता असू शकते. कोवळ्या पानांत, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह कमी पडतंय, युरियाने काही होणार नाही. शेतात पाणी साचलं होतं का? कोणत्या भागात आधी दिसलं? कधीपासून? हे सगळं मी पगार घेऊन विचारते. आणि स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी तीनदा युरिया टाकून आले होते.

मग वही काढली. पोल्ट्रीवाले वापरतात तसा वायरवाला छोटा डिजिटल थर्मामीटर दोनशे रुपयांना मिळतो, त्याचं टोक डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत खोचलं. वहीत रकाने आखले: वेळ, गाडी किती वेळ चालली, त्याआधी किती वेळ उभी होती, जाळीतलं तापमान, आणि "टक्". टक् म्हणजे एसीचं बटण दाबल्यावर बॉनेटखालून येणारा बारीक आवाज. कॉम्प्रेसरच्या पुलीसमोर एक क्लच प्लेट असते. पुली पट्ट्यावर कायम फिरत असते, प्लेट मोकळी उभी असते. बटण दाबलं की पुलीमागच्या कॉइलमध्ये करंट जातो, तिचं चुंबक होतं, ते प्लेटला ओढून पुलीला चिकटवतं आणि मग कॉम्प्रेसर फिरतो. तो चिकटण्याचा आवाज म्हणजे टक्. त्याच क्षणी इंजिन किंचित दबतं. ही माहिती मी इंटरनेटवरून गोळा केली होती, पण आवाज मात्र दहा वर्षं रोज ऐकत होते आणि ऐकत नव्हते.

सहा दिवसांच्या नोंदी झाल्या. त्यातली एक अशी:

"२१ मे. सकाळी ८.१० निघाले, टक् आला. ८.३० ला जाळीत १३. तेल्हारा ९.५० पर्यंत चालू. डीलरकडे २० मिनिटं. १०.१५ निघाले, टक् नाही. जाळीत ३८. हिवरखेडपर्यंत तसंच. तिथे कडुलिंबाखाली जेवण, दीड तास, बॉनेट उघडं ठेवलं. १.०५ ला टक् आला."

सगळ्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर जे दिसलं त्याने मी चक्रावले. मी चार जणांना सांगत आले होते की एसी चालता चालता बंद पडतो. वहीत तसं जवळजवळ कुठेच नव्हतं. एकदा लागलेला एसी तासन् तास चालत होता. गरम इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा सुरू केलं की तो लागत नव्हता. तक्रारच मी चुकीची सांगत होते. आणि दुकानात गाडी अर्धा-पाऊण तास सावलीत, बॉनेट उघडं ठेवून उभी राहिली की ती आपोआप बरी होत होती, श्रेय गॅसला मिळत होतं.

एक नोंद मात्र या चौकटीत बसत नव्हती. मूर्तिजापूर रस्त्यावर, गाडी चालू असताना, ट्रकला ओव्हरटेक केल्यानंतर लगेच एसी गेला होता. ती मी लाल पेनाने गोल करून ठेवली.

बाळापूरच्या एका डीलरने मला जुन्या शहरातल्या काकांचा पत्ता दिला. टिनाचं शेड, बाहेर कडुलिंब, आत कंडेन्सरच्या जाळ्या भिंतीला टांगलेल्या. काका साठीच्या पुढचे, अॅम्बेसेडरला डॅशबोर्डखाली वेगळा एसी बसवून द्यायचे तेव्हापासून याच धंद्यात. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून सहाही दिवस वाचले, एकही प्रश्न न विचारता. मग म्हणाले, "साऱ्यायनं गाडी सकाळीच पायली असन."

"हो."

"थंडी गाडी आणसान त सारं बरोबरच दिसन ना ताई. उद्या दोन वाजता या. फिरून या गावात तासभर. अन् इथं आल्यावर बंद नका करू."

दुसऱ्या दिवशी तशीच गेले. शेडमध्ये सावलीतही ४२ अंश. काकांनी आधी गेजला हातच लावला नाही. बॉनेट उघडून दोन पाइपांना बोटं लावली. बारीक पाइप इतका तापला होता की बोट टिकेना. जाड पाइप खरं तर गार आणि घामेजलेला हवा, तो नुसता कोमट. मग जाड पाइपवरच्या गॅस भरायच्या तोंडाकडे बोट दाखवलं. "टोपन कुठं हाये?" टोपण पहिल्या दुकानातच राहिलं होतं. मला वाटलं धुळीसाठी असतं. काकांनी पिनवर साबणाचं पाणी टाकलं, थोड्या वेळाने एक बुडबुडा हळूच फुगला. टोपणाच्या आत रबराची सील असते, पिन थोडी गळकी असली तरी ती सांभाळून घेते. म्हणजे गळती शोधायला गेलेल्यानेच छोटी गळती करून ठेवली होती.

मग निळी आणि लाल, दोन्ही नळ्या. निळा काटा ६२ पीएसआय, लाल ३४०. काका हसले. "कॉम्प्रेसर गेला म्हने? कॉम्प्रेसर मेला असता त हा लाल काटा चढलाच नसता. तो दाबून रायला, पन गॅसले थंडं व्हाले जागाच नाही."

इथे मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते. आमच्याकडे घरोघरी वाळ्याचे कूलर. कूलरमध्ये पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेतं आणि हवा गार होते. पाणी उडून जातं म्हणून रात्री पुन्हा टाकी भरावी लागते. एसीच्या गॅसबद्दल आपल्या डोक्यात नकळत हीच टाकी असते, म्हणून "गॅस संपला" लगेच पटतं. पण एसीत उडालेलं "पाणी" पुन्हा पकडून आणतात. माझ्या गाडीतला गॅस म्हणजे आर-१३४ए, मोकळ्या हवेत उणे २६ अंशांना उकळणारा. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये कमी दाबावर तो उकळतो आणि केबिनची उष्णता पितो. कॉम्प्रेसर त्याची वाफ ओढून दाबतो. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये ती वाफ बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरून परत कॉइलमध्ये. फेरा बंद आहे. रबरी नळ्यांतून, सांध्यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो तेवढाच. आठवड्यात कमी झाला तर कुठेतरी भोक आहे, आणि भोक न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी.

जास्त भरला तर? मला वाटायचं जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा. होतं उलट. कंडेन्सरची खालची बाजू द्रवाने भरून राहते, वाफेला द्रव व्हायला पृष्ठभाग उरत नाही, दाब चढतो, कॉम्प्रेसरवरचा भार वाढतो आणि गारवा घटतो.

काकांकडे जुनं रिकव्हरी मशीन आहे. गाडीतला सगळा गॅस त्यांनी सिलिंडरमध्ये ओढला आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. ५९० ग्रॅम. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक छोटा स्टिकर असतो, दहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर, त्यावर गॅसचं वजन छापलेलं: ४०० ग्रॅम. बरेच जण गॅस असाच हवेत सोडून देतात. काकांना ते परवडत नाही, त्यांचा हिशेब पैशांचा. माझ्या डोक्यात दुसरा हिशेब आला, कारण आमच्या ट्रेनिंगमध्ये हे येतं: हा गॅस एक किलो हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,३०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. ४५ अंशांत उभं राहून हे आठवणं काही सुखाचं नव्हतं.

गॅस काढल्यावर पुढची जाळी खोलली, कंडेन्सर थोडा पुढे ओढला, आणि काका म्हणाले, "हे पाहा तुमचा माल."

कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत रुईची अख्खी गादी बसली होती. करडी, तेलकट, बोटभर जाडीची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी अकोटच्या जिनिंगच्या आवारांत गाडी लावते, तिथे हवेत रुईचे तंतू उडत असतात, पंखा ते आत ओढतो. बाहेरून टॉर्च मारली तर कंडेन्सर स्वच्छ दिसायचा, कारण घाण मागच्या बाजूला, दोन जाळ्यांच्या मध्ये. वऱ्हाडातल्या गाड्यांना हा रोग होतोच, असं काकांचं म्हणणं. त्यांनी मागून पुढे, कमी जोराच्या पाण्याने धुतलं. सर्व्हिसिंगवाल्यांच्या जोराच्या फवाऱ्याने कंडेन्सरच्या नाजूक पात्या आडव्या पडतात आणि हवा जायची ती वाटही बंद होते, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. मी तो फवारा दर महिन्याला मारून घेत होते.

टोपणाखालची पिन बदलली, चाळीस रुपये. मग व्हॅक्यूम पंप, चाळीस मिनिटं. पाइपांत शिरलेली हवा आणि ओल काढायला तो लागतो: दाब इतका उतरला की पाणी साध्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. पंप बंद केल्यावर काटा हलला नाही. मला वाटलं म्हणजे लीकेज नाही हे सिद्ध. काका नाही म्हणाले. व्हॅक्यूममध्ये बाहेरच्या हवेचा दाब फार तर १५ पीएसआय, चालू एसीत आतून अडीचशे. बारीक भोक व्हॅक्यूमला गप्प बसतं. म्हणून गॅस भरल्यावर प्रत्येक सांध्याला पुन्हा साबण. गॅसबरोबर थोडं ऑइल निघालं होतं, १५ मिली, तेवढंच मोजून परत घातलं. मग काट्यावर बघत बरोबर ४०० ग्रॅम गॅस, माझाच, मशीनच्या ओल शोषणाऱ्या ड्रायरमधून आलेला.

निळा ४०, लाल २५५. जाळीत १२.५. त्या उन्हात याहून बरं काही मागण्यात अर्थ नव्हता. मी पर्स काढली.

"अर्धं झालं," काका म्हणाले. "तुमच्या वहीत जे लिवलं हाये ते अजून कुठं दिसलं?"

खरंच. एसी कमी गार होत होता त्याचं कारण सापडलं होतं. पुन्हा लागत का नव्हता, ते बाकी होतं. काकांनी मला शहरातून वीस मिनिटांची चक्कर मारायला लावली, स्वतः शेजारी बसले, शेडसमोर उन्हात गाडी बंद केली, बॉनेट लावलेलं. "रस पिऊ." समोरच्या गुऱ्हाळावर आम्ही दोन-दोन ग्लास रस प्यायलो. सतरा मिनिटं झाली. इंजिन बंद झालं की थंड पाणी आणि पंखा दोन्ही थांबतात आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ उलट वाढते. ज्याला मी विश्रांती समजत होते ती गाडीची सगळ्यात तापलेली वेळ होती.

चालू केली, बटण दाबलं. दिवा लागला. टक् नाही.

माझ्या आयुष्यात बिघाड झाल्याचा इतका आनंद क्वचित झाला असेल.

काकांनी कॉइलच्या वायरला मल्टिमीटर लावला. १३.४ व्होल्ट. म्हणजे बटण, रिले, प्रेशर स्विच, वायरिंग सगळं आपलं काम करत होतं, करंट दारापर्यंत येत होता. पुली फिरतेय, समोरची प्लेट स्थिर. मग त्यांनी कोपऱ्यातून खराट्याचा दांडा आणला आणि वरून, लांबून, प्लेटला हलकेच पुलीकडे ढकललं. टक्! इंजिन दबलं, प्लेट फिरू लागली, मिनिटाभरात जाळीतून गार हवा. "तुमी नका करू हे," ते लगेच म्हणाले. "ओढनी पट्ट्यात गेली म्हन्जे गाडी नाही, मानूस दुरुस्त करा लागते." मी ओढणी आधीच कमरेला बांधली होती, तरी दोन पावलं मागे सरकले.

प्लेट आणि पुली यांच्यात मोकळं असताना केसाएवढी फट लागते, माझ्या कॉम्प्रेसरला ०.३ ते ०.६ मिलिमीटर. दहा वर्षं प्रत्येक टक्-ला दोन्ही पृष्ठभाग घासले गेले आणि फट वाढत गेली. फिलर गेजच्या पात्यांनी मोजली तेव्हा ०.९५ भरली. अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते. त्यात कॉइल तांब्याची, आणि तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. काकांनी वायर काढून गरम कॉइल मोजली: ४.७ ओहम. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना मोजली तर ३.८. म्हणजे त्याच व्होल्टेजवर सकाळी साधारण साडेतीन अँपिअर, दुपारी तीनच्याही आत. सकाळचं चुंबक एवढी फट ओलांडून प्लेट ओढून घेत होतं, दुपारचं कमी पडत होतं. एकदा चिकटलेल्या प्लेटला फट नसतेच, त्यामुळे गरम झालं तरी ती सुटत नव्हती. म्हणून लागलेला एसी चालत राहायचा. भरीला जास्तीचा गॅस आणि रुईने कोंडलेला कंडेन्सर, म्हणजे आधीच थकलेल्या क्लचच्या डोक्यावर चढता भार.

आणि लाल गोलातली नोंद? मी विचारलं. काकांनी पाय पूर्ण दाबायची खूण केली. ओव्हरटेक करताना अॅक्सिलरेटर तळाला गेला की इंजिनला ताकद मिळावी म्हणून गाडीचा कॉम्प्युटर काही सेकंद कॉम्प्रेसर सोडून देतो. सोडला, पण भर दुपारी तो पुन्हा पकडू शकला नाही. त्या एका नोंदीने मला माझ्या सगळ्या तर्कावर शंका आली होती, आणि तीच नोंद सगळ्यात पक्का पुरावा निघाली.

दुरुस्ती सकाळी, इंजिन गार असताना. मधला एक नट खोलला, प्लेट बाहेर आली. शाफ्टवर प्लेटमागे दोन पातळ वायसर होते, फट ठरवण्यासाठी कारखान्यातच घातलेले. त्यातला अर्ध्या मिलिमीटरचा एक काकांनी काढला, घासलेले पृष्ठभाग पॉलिश पेपरने साफ केले, प्लेट परत बसवली, तीन ठिकाणी फिलर गेज फिरवला. साधारण ०.४५. जेमतेम अर्धा तास. बेअरिंगचा आवाज ऐकण्यासाठी पुली हाताने फिरवून पाहिली, ते ठीक होतं. वायसर काढायला उरलेच नसते किंवा कॉइल जळालेली असती तर क्लचचा सेट बदलावा लागला असता, तरी कॉम्प्रेसर नाही.

बिल: गॅस काढणं-भरणं आणि व्हॅक्यूम १,४००, कंडेन्सर खोलून धुणं ८००, पिन ४०, दोन नवी टोपणं ६०, क्लचचे ५००. एकूण २,८००. मग काकांनी खाली ओळ मारून त्यातून ३०० वजा केले. कशाचे? "तुमचा १९० ग्रॅम गॅस माह्याकडं रायला ना." मी तीन दुकानांत विकत घेतलेला जास्तीचा गॅस चौथ्याने माझ्याकडून विकत घेतला, असा तो व्यवहार.

वर्कशॉपला फोन करून सांगावं असं दोन दिवस वाटत होतं. केला नाही. त्यांनी काही खोटं सांगितलं नव्हतं, लाल काटा वर होताच. एवढंच की गाडी तापवून पाहायला त्यांच्याकडे दुपार नव्हती, आणि मी त्यांना "चालता चालता बंद पडतो" असं सांगून भलत्याच वाटेला लावलं होतं.

आता गाडीत एक सवय लागली आहे. डीलरकडून निघाले की चावी फिरवते, काच वर करण्याआधी बटण दाबते आणि ऐकते. दर फेब्रुवारीत जिनिंगचा हंगाम आटोपला की पुढची जाळी खोलून टॉर्च मारायची, तीही मागच्या बाजूने. नवऱ्याने स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून स्टिकर शोधला, त्याच्यावर ४५० निघाले. त्याच्या गाडीत किती आहे, हे कुणालाच माहीत नाही, आणि तो मोजून घ्यायला तयार नाही.

वही अजून तीच आहे. शेवटची एसीची नोंद ४ जूनची: "हिवरखेड. २.४० ला निघाले, उभी २५ मिनिटं, उन्हात. टक् आला. जाळीत १३. अकोल्यापर्यंत चालू." त्याच्या खाली, दुसऱ्या पेनाने: "वायपरची रबरं बदलणे. काल रात्री पाऊस."